काकीचो कोयंडो

बर्फाच्या लादीवर उलट्या बोटांनी ठोकायचं, कान जवळ न्यायचा आणि मग माझ्याकडे संशयानं बघत विचारायचं, "रे बर्फाच्या, ह्यो बरफ आसा, की पाण्याक नुसती थंडी वाजता?"

काकीचा दिवस असा सुरू व्हायचा. त्यामुळे माझाही.

मालवणच्या बंदराजवळ माझा बर्फाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, एक मशीन आणि त्या मशीनपेक्षा मोठ्यानं बोलणारा मी. मासे विकणाऱ्या बायका सकाळी माझ्याकडून बर्फ नेतात. बाकीच्या लादी उचलतात आणि जातात. काकी लादीची परीक्षा घ्यायची. आतून पोकळ आहे का, कडेला पांढरी पडली आहे का, पाणी नळाचं की विहिरीचं. शेवटी पहिल्यांदा हात लावलेली लादीच न्यायची आणि जाताना ऐकवायची, "माका फसवतलो तो अजून जल्माक येवचो आसा!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही, मग तुम्हाला तरी का विसरू देऊ?

तिचा आवाज काय सांगू तुम्हाला! बाजारात बसून तिनं "बांगडेऽऽ" म्हटलं की बंदरातल्या होड्या नांगर उचलायच्या तयारीला लागत. तिची लेक शिरोड्याला दिली होती. लेकीला फोन करायची काकीला गरजच नव्हती, दक्षिणेकडे तोंड करून हाक मारली की पुरे. आंबोलीवरून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर तर शपथेवर सांगायचा की काकीचा बाजार सुरू झाला की घाटातलं धुकं हलतं. तुम्ही हसताय. पण माझ्या शेडमधल्या लाद्या तिच्या हाकेनं तडकत, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. तडकलेल्या लादीवरून पुन्हा मलाच ओरडा.

माणूस असो की मासा, काकी एकाच पद्धतीनं पारखायची. डोळे बघायचे, कल्ले बघायचे. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते तेव्हा ती सहज आल्यासारखी येऊन बसली आणि मुलगा गेल्यावर म्हणाली, "डोळे साफ आसत. पण कालचो आसा." त्या मुलाचं आधी एक लग्न मोडलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. आता बोला!

अशी ही बाई. तिला फसवणारा जन्माला आलेला होता. तो चकचकीत गाडीतून आला, गळ्यात टाय बांधून आला, आणि आमच्या देवळाच्या सभामंडपात पडदा लावून उभा राहिला.

त्याच्याआधी थोडं काकीच्या छातीबद्दल सांगायला हवं. आदल्या वर्षी तिला दम लागायला लागला. टोपली डोक्यावर घेऊन चार पावलं गेली की भिंत धरायची. लेकीनं तिला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखवलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हृदयाचा पंप दमलाय. गोळ्या दिल्या. महिन्याभरात काकी परत बाजारात आणि लाद्या परत तडकायला लागल्या. गोळ्यांना गुण होता यात शंका नाही. फक्त त्यातली एक अंगातलं पाणी काढायची गोळी होती. ती घेतली की ऐन गिऱ्हाइकीत काकीला उठावं लागे. परत येईपर्यंत शेजारणीनं तिचं गिऱ्हाईक पळवलेलं असे.

"ह्या गोळयेन माझो पंप सुरू केल्यान, पण नळ बंद होणा नाय," ती म्हणायची. "आनि थयसर माझी पापलेटा पोरकी!"

दुखणं इथे होतं बघा. आणि त्या टायवाल्यानं नेमकं तिथेच बोट ठेवलं.

दिवाळी झाल्यावर गावात पत्रकं वाटली गेली. 'पेशींना नवी ऊर्जा, मोफत आरोग्य मार्गदर्शन, सरबताची सोय.' सरबत आहे म्हटल्यावर अख्खी वाडी मंडपात. सर पुढे उभे राहिले. सर म्हणजे तो टायवाला. त्याचे सोबती त्याला सर म्हणत होते, म्हणून आम्हीही. पडद्यावर माणसाच्या पेशीचं चित्र आलं. मला ते कापलेल्या फणसासारखं दिसलं.

"तुमच्या प्रत्येक पेशीत एक वीजघर आहे!" सर गरजले. "या वीजघराला लागतं को-एन्झाइम! वय वाढलं की ते कमी होतं. वीजघर मंद होतं! माणूस थकतो!"

तेवढ्यात गावातली लाइट गेली. अंधारातून काकीचा आवाज आला, "पेशीतली पन गेली काय रे?"

मंडप हसून हसून आडवा. सर कसलेले होते. ते बॅटरीच्या उजेडात उभे राहिले, आवाज चढवला आणि एका लयीत विचारायला लागले, "मंडळी, आपल्याला ही ऊर्जा परत आणायची आहे ना?"

आता इथे जे झालं ते फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. आमच्या देवळात कुठल्याही कामाच्या आधी गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवापुढे उभा राहून एका लयीत मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्यावर सगळ्यांनी म्हणायचं असतं, 'होय म्हाराजा!' मंडप तोच, लय तीच, समोर उभा माणूस हात पसरून मागतोय. मागून कोणीतरी सवयीनं म्हणालं, "होय म्हाराजा!"

आधी हशा. पुढच्या प्रश्नाला अख्खा मंडप.

"सांधे मोकळे करायचे आहेत ना?"

"होय म्हाराजा!"

"हृदय पुन्हा जवान करायचं आहे ना?"

"होय म्हाराजा!"

सरांना वाटलं, लोक आपल्यालाच महाराज म्हणताहेत. काय फुलले हो ते! भिजलेल्या चण्यासारखे. आणि त्या भरात त्यांनी ते वाक्य टाकलं, "मग जुन्या गोळ्यांची गुलामी आजपासून सोडणार ना?"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज काकीचा. त्या आवाजानं लाइट परत आली असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे ती थोड्या वेळानं आली.

दुसऱ्या दिवशी काकी माझ्याकडे आली ती कमरेच्या पिशवीत बाटली घेऊन. बाटलीची किंमत मी सांगणार नाही, ऐकून तुमच्याच पेशी बसतील.

"ह्या काय गो, काकी?"

"कोयंडो."

"काय?"

"को-यं-डो! सकाळी एक, रात्री एक." को-एन्झाइमचं तिच्या तोंडात हे झालं होतं. दाराला कडी अडकवायचा असतो तो कोयंडा. आणि तिनं त्याचा अर्थही लावून ठेवला होता. "काळजाक आतसून कोयंडो लावतत. मगे मरान भायरच रवता, कडी वाजयत."

आता यात हसण्यासारखं काय आहे? सरांच्या फणसापेक्षा हे मला लवकर समजलं.

"पण हा माणूस कसा आहे ते बघितलंस का?" मी विचारलं.

"बघलंय. डोळे साफ. कल्ले तांबडे लाल."

अगो बाई! मुंबईकडून आलेला माणूस, गळा टायनं आवळलेला, आमच्या दमट हवेत पंखा नसलेल्या मंडपात उभा! त्याचे गाल लाल होतील नाही तर काय काळे पडतील? आयुष्यभर मासे पारखणारी बाई उकाड्याला ताजेपणा समजली.

पुढे काही दिवस काकी खरंच खूश होती. शेजारीण गिऱ्हाईक पळवत नव्हती, कारण काकीला उठावं लागत नव्हतं. सगळ्यांना सांगायची, "कोयंडो लागलो, नळ बंद झालो!" त्या दिवसांत सरांचा एक माणूस कॅमेरा घेऊन बाजारात आला. समाधानी लोकांची फिल्म बनवायची म्हणाला. काकी माझ्या शेडमध्ये लादी ठोकत होती, तिथेच त्यानं तिला धरलं.

"आजी, गोळी घेतल्यापासून कसं वाटतंय? बोला, मोकळेपणी बोला."

काकीनं त्याला आपादमस्तक बघितलं. लादीवर बोटं ठोकली आणि कॅमेऱ्यात बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "माका फसवतलो तो अजून जल्माक येवचो आसा!"

"वा, आजी, छान!" तो म्हणाला आणि गेला.

नळ बंद झाला होता हे खरंच होतं. अंगातलं पाणी बाहेर जायचं थांबलं होतं. ते आत साठत होतं. काकीनं डॉक्टरीणबाईंच्या सगळ्या गोळ्या त्याच दिवशी सोडल्या होत्या आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. शिमग्याच्या सुमाराला तिच्या चपला पायात जाईनात. मग ती अनवाणी येऊ लागली, विचारलं तर म्हणे नवस आहे. हाक आखूड झाली. 'बांगडेऽऽ' मधला शेवटचा हेल गेला. मग 'बांगडे' सुद्धा शेजारीण ओरडायची आणि काकी नुसता हात वर करायची.

आणि एके सकाळी तिनं लादी न ठोकताच उचलायला घेतली.

मी मुद्दाम म्हटलं, "काकी, आजचा बर्फ भिकार आहे हां. पोकळ आहे." ती म्हणाली, "बरो आसा रे," आणि तिथेच भुश्याच्या पोत्यावर बसली. ओठ निळे. चिंबोरीच्या नांग्या असतात तसे निळे.

रिक्षात घालून ओरोस. वाटेत मला कळलं की गोळ्या बंद आहेत. मी ओरडलो. ती धापा टाकत म्हणाली, "देवळात... शब्द दिलंय. होय म्हाराजा म्हटलंय."

"अगो, पण तो देव नव्हता!"

"मांडव... देवाचो होतो."

चूक तिची होती का, तुम्हीच सांगा. जिथे उभं राहून म्हटलेलं 'होय' ही माणसं मरेपर्यंत पाळतात, त्या जागेवर उभं राहून तो दुकान मांडून गेला, आणि जाताना तिचं 'होय' खिशात घालून गेला!

डॉक्टरीणबाई शांत होत्या. मला त्यांच्या शांतपणाचाही राग आला. त्यांनी सुई दिली, नळी लावली, मग बाटली हातात घेऊन वाचली.

"हे विष नाही," त्या म्हणाल्या. "को-एन्झाइम आपलं शरीर स्वतःच बनवतं. वयाबरोबर ते थोडं कमी होतं, हेही खरं. काही लोक डॉक्टरला विचारून औषधांच्या जोडीला घेतात. कुणाला किती उपयोग होतो ते अजून छातीठोक सांगता येत नाही. पण हे औषधाच्या जागी घ्यायचं नाही, आजी. जागी नाही! आणि तसं ते खाण्यातूनही मिळतं. बांगड्यात असतं, तारल्यात असतं."

खाटेवर डोळे मिटून पडलेल्या काकीनं एक डोळा उघडला. "म्हंजे जल्मभर मी टोपलेत कोयंडेच घेवन बसलंय?"

"तसंच म्हणा."

"आनि त्या मेल्यान माझोच माल माका इकल्यान?"

नर्ससुद्धा हसली. मला वाटलं, सुटलो. डॉक्टरीणबाईंनी गोळी पुढे केली. काकीनं तोंड फिरवलं. "बाय माझे, तुझा पटला. पण शब्द देवाक दिललो आसा."

मी व्हरांड्यात जाऊन सरांना फोन लावला. पत्रकावर नंबर होता. सांगितलं, बाईच्या अंगावर सूज आहे, श्वास लागतोय, तुम्ही सोडायला लावलेल्या गोळ्या ती घेत नाही, तुम्ही स्वतः तिला सांगा की घे.

"घाबरू नका," सर मधासारख्या आवाजात म्हणाले. "सूज म्हणजे जुन्या गोळ्यांचं विष बाहेर पडतंय. डोस दुप्पट करा."

दुप्पट करा! माणूस खाटेवर बुडतोय पाण्यात आणि हा म्हणतो दुप्पट करा! त्यावर मी जे बोललो ते छापता येणार नाही. एवढंच सांगतो, व्हरांड्यातली एक बाई आपल्या मुलाचे कान झाकून त्याला आत घेऊन गेली, आणि मी फोन ठेवला तेव्हा तो इतका तापला होता की माझ्या कारखान्यातली एक लादी त्याच्यावर वितळली असती.

शेवटी मला एकच रस्ता सुचला. गाऱ्हाण्यानं बांधलेलं गाऱ्हाण्यानंच सोडवायचं. मी आमच्या देवळाच्या मानकऱ्यांना फोन केला. ऐंशीच्या घरातला माणूस, कधी देवळाची पायरी सोडून न गेलेला. म्हणाले, "गाडी धाड." दुपारपर्यंत ते नारळ घेऊन वॉर्डात हजर. डोक्याला रुमाल, पायात वहाणा नाहीत. खाटेशी उभे राहिले. डॉक्टरीणबाई अडवायला पुढे आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"बा देवा म्हाराजा!" म्हाताऱ्यानं लावला आवाज. "तुझ्या मांडवात येवन एका गळपट्टेवाल्यान तुझा नाव न घेता तुझ्या ह्या लेकराकडसून होय म्हणवन घेतल्यान म्हाराजा!"

आधी मी एकटाच. मग बाजूच्या खाटेवरचा पाय मोडलेला रापणकर मच्छीमार. मग अख्खा वॉर्ड. "होय म्हाराजा!"

"तो शब्द तुका दिललो न्हय, तो बाटलेक दिललो म्हाराजा! तो सुटो कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आनि ह्या डॉक्टरणीच्या हाताक यश दी, नि तिची गोळी ह्या बायेच्या गळ्याखाली उतरव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी डॉक्टरीणबाईंचाही आवाज होता. मी ऐकलं. त्या आता नाही म्हणतात, म्हणू देत.

काकी उठून बसली. तळहात पुढे केला, गोळी घेतली, उलटून पालटून बघितली आणि म्हणाली, "ताजी आसा मा?" आणि गिळली.

इथे थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. सूज उतरली, काकी घरी आली, चपला पायात गेल्या. पण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ते मधले महिने हृदयानं फुकट ओढलेत, ते परत मिळणार नाहीत. काकी बाजारात यायची, बसायची, हात वर करायची. माझ्याकडे येऊन लादीवर बोटं ठोकायची, पण पुढचं वाक्य मी म्हणायचो. "ह्यो बरफ आसा, की पाण्याक नुसती थंडी वाजता?" ती मान हलवायची, बरोबर म्हटलंस अशी. फसवणाऱ्याचं ते दुसरं वाक्य मात्र ना ती म्हणाली, ना माझ्या तोंडून आलं.

पावसात होड्या वर ओढून शाकारून ठेवल्या, मासेमारी बंद झाली आणि त्या बंदीतच एक दिवस ती गेली. मरणानं बाहेरून कडी वाजवली असेल. काकीनं विचारलं असेल, कोण रे तो? बाराव्याला लेक शिरोड्याहून आली होती. सगळं आटोपल्यावर तिनं घराला कुलूप लावलं. कोयंडा गंजलेला होता. कडी बसेना. मीच ती दाबून बसवली.

आता खरं संतापाचं ऐका. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या आणि आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फिल्म आली. 'कोकणच्या आजी सांगताहेत, पेशींना नवी ऊर्जा!' माझी शेड. माझी लादी. आणि काकी. गालावर उजेड, नाकात तिची नथ, कॅमेऱ्याकडे रोखून बघतेय. मी सरांना फोन केला. नंबर बंद. नव्या पत्रकावरचा नवीन नंबर लावला. कोणी मुलगी म्हणाली, सर मीटिंगमध्ये आहेत, पुढच्या आठवड्यात ते तुमच्याच भागात येणार आहेत. मी मानकऱ्यांना सांगून ठेवलंय. या वेळी त्यांना मंडप मिळणार नाही, आणि सरबत मी पाजणार आहे.

ती फिल्म अजून फिरते. रोज कोणीतरी कुठून तरी पाठवतो. मी ती बंद करायला जातो आणि शेवटपर्यंत बघतो. तिचा आवाज त्यांनी काढून टाकलाय. त्यावर बासरी लावलीय. बाजाराचा, बंदराचा, आंबोलीच्या धुक्याचा तो आवाज कापून बासरी! काकी लादीवर बोटं ठोकते, ऐकू येत नाही. तोंड उघडते, ऐकू येत नाही. खाली अक्षरं येतात, 'मला आता विशीतल्यासारखं वाटतं.'

पण मला तिचे ओठ वाचता येतात. माका, फसवतलो, तो, अजून.

आणि दर वेळी मी वेड्यासारखा शेडमधल्या लाद्यांकडे बघतो. एकही तडकलेली नसते.